मोटारीची शेपटी : शोभेची की कामाची?

उद्या शाळेतून घरी येताना एक छोटासा उद्योग करा. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दहा-बारा मोटारींकडे मुद्दाम मागच्या बाजूने पाहा. कौलारू घराची वळचण जशी भिंतीच्या पुढे आलेली असते, तसे काही मोटारींच्या टपाचे टोक मागच्या काचेच्या वर थोडे पुढे आलेले दिसेल. काहींच्या डिकीच्या झाकणाच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी असेल. एखाद्या हौशी मालकाने तर डिकीवर दोन खांब रोवून त्यांवर चांगला हात-दीड हात रुंद आडवा पंख बसवलेला असेल. या सगळ्यांना बोलण्यात एकच नाव आहे : स्पॉयलर.

याचा उपयोग काय, असे मालकाला विचारलेत, तर बहुधा तीनपैकी एक उत्तर मिळेल. ‘वेगात गाडी रस्त्याला धरून राहते’, ‘पेट्रोल कमी लागते’ किंवा ‘काही नाही, दिसायला बरे दिसते!’ गंमत अशी, की तिन्ही उत्तरांत काही ना काही तथ्य आहे. कोणते उत्तर कोणत्या गाडीला आणि किती वेगाला लागू पडते, एवढेच पाहायचे आहे. त्यासाठी नववी-दहावीचे पदार्थविज्ञान आणि थोडा गुणाकार पुरेसा आहे.

नावातच गुपित

स्पॉयलर या शब्दाचा सरळ अर्थ ‘बिघडवणारा’. आता पैसे मोजून गाडीला बिघडवणारा कोण लावून घेईल? पण तो बिघडवतो हवेचा प्रवाह, आणि तोही आपल्याला नको असलेला.

विमानाच्या पंखांवरही स्पॉयलर असतात. तुम्ही कधी विमानात पंखाजवळच्या खिडकीशी बसलात, तर उतरण्याच्या क्षणी लक्ष ठेवा. चाके धावपट्टीला टेकताच पंखाच्या वरच्या बाजूवरील काही फळ्या ताडकन उभ्या राहतात. पंखावरून सुरळीत वाहणारी हवा त्यांमुळे विस्कटते, पंखाला वर उचलणारे बल नाहीसे होते आणि विमानाचा सारा भार चाकांवर येतो. चाकांवर भार आला की घर्षण वाढते व ब्रेक नीट लागतात. विमानाला आकाशात उचल हवी असते, जमिनीवर आल्यावर ती नको असते. मोटारीला तर ती कधीच नको असते.

पण मोटारीला मुळात उचल मिळतेच कशी? तिला कुठे पंख आहेत?

चमचा आणि नळाची धार

स्वयंपाकघरातला एक चमचा घ्या. दांड्याचे टोक दोन बोटांत अलगद धरून चमचा लोंबता ठेवा आणि त्याची फुगीर पाठ नळाच्या बारीक, संथ धारेला लावा. पाणी चमच्याला बाहेर ढकलेल अशी आपली अपेक्षा असते. घडते उलटेच. चमचा धारेकडे ओढला जातो. पाणी चमच्याच्या वळणाला धरून वाहते आणि आपली दिशा बदलते. पाण्याला एका बाजूला वळवताना चमच्यावर दुसऱ्या बाजूला बल पडते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

मोटारीचा आकार बाजूने पाहा. बॉनेटवरून चढत जाणारी, टपावर गोलावणारी आणि मागे उतरणारी ही कड चमच्याच्या पाठीसारखीच आहे. हवा या वळणाला धरून वाहते, तेव्हा टपावर तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. गाडीच्या पोटाखालच्या दाबापेक्षा वरचा दाब कमी पडला, की गाडीवर वरच्या दिशेने बल लागते. यालाच उत्थापक बल किंवा सोप्या भाषेत उचल म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वरच्या हवेला लांबचा रस्ता काटायचा असतो आणि खालच्या हवेला टोकाशी वेळेवर गाठायचे असते, म्हणून ती जोरात धावते, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते बरोबर नाही. वरच्या व खालच्या हवेने टोकाशी एकाच वेळी पोहोचलेच पाहिजे, असा कोणताही नियम निसर्गात नाही. वक्र पृष्ठभागावरून हवा वळते व त्यामुळे दाबात फरक पडतो, हे खरे कारण.

आता डिकीच्या कडेला बसवलेली छोटी पट्टी काय करते ते पाहा. ओढ्याला बांध घातला की बांधाच्या अलीकडे पाणी तुंबते. तशीच पट्टीच्या अलीकडे, म्हणजे मागची काच आणि डिकी यांवरची हवा थोडी मंदावते. वेग कमी झाल्याने तेथील दाब वाढतो. हा वाढलेला दाब डिकीला खाली रेटतो आणि मागच्या चाकांवरची उचल कमी होते. पट्टी स्वतः गाडीला दाबते असे नव्हे, तर तिच्यामुळे हवा गाडीला दाबते.

आता थोडा हिशेब

तत्त्व कळले, पण त्याचे माप किती? उचल काढण्याचे सूत्र असे आहे : हवेची घनता, वेगाचा वर्ग, गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि उचल-गुणांक यांचा गुणाकार करून त्याची निमपट करायची. हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम असते. क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरू. मागच्या चाकांपुरता उचल-गुणांक ०.१ मानू. गुणांक गाडीगणिक बदलतो, पण अंदाजासाठी एवढा चालेल. गाडीचे वजन १,००० किलो आणि त्यातला ४०० किलो भार मागच्या चाकांवर आहे असे समजू.

ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर वेगाला उचल येते सुमारे २३ न्यूटन. वजनाच्या भाषेत ती २.४ किलो. चारशे किलोंपैकी २.४ किलो, म्हणजे शेकडा अर्ध्याहून किंचित अधिक. तुमच्या दप्तराचे वजन याहून जास्त भरेल.

वेग दुप्पट केला, ताशी १०० किलोमीटर, तर उचल दुप्पट न होता चौपट होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. ती होते सुमारे ९३ न्यूटन, म्हणजे साडेनऊ किलो. मागच्या भारातला हा वाटा शेकडा सव्वादोन ते अडीच.

पुन्हा वेग दुप्पट करा, ताशी २०० किलोमीटर. उचल ३७० न्यूटनांवर जाते, म्हणजे सुमारे ३८ किलो. आता मागच्या चाकांवरचा जवळजवळ दहावा हिस्सा भार हवेने काढून घेतला!

समजा, स्पॉयलरने ही उचल निम्मी केली. ताशी २०० किलोमीटरला चाकांना १९ किलोंचा भार परत मिळाला. तो मोलाचा आहे. गावात ताशी ५० ला मात्र मिळाला सव्वा किलो. तो मिळाला काय आणि न मिळाला काय, चालवणाऱ्याला कळणारही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे त्या मार्गावर कायदा पाळून कितीही वेगाने गेले, तरी हा लाभ फार तर चार-पाच किलोंचा.

हे केवळ आपले गणित नाही. गाड्या बनवणारेही तेच सांगतात. पोर्श कंपनीच्या १९८९ साली आलेल्या ९११ मोटारीचा स्पॉयलर एरवी मागच्या झाकणात मिटलेला असे आणि वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास गेला की आपोआप वर येई. कमी वेगात त्याचे काम नाही, हे बनवणाऱ्यांनाच मान्य होते.

जर्मनीतला एक धडा

मग रोजच्या वापराच्या गाडीला स्पॉयलरची खरोखर गरज पडल्याचे उदाहरण आहे का? आहे, आणि ते गंभीर आहे. जर्मनीतील आउडी कंपनीने १९९८ साली टीटी नावाची दोन दारांची मोटार बाजारात आणली. तिचा आकार इतका गोलसर आणि नितळ, की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. मागचा उतारही चेंडूसारखा गोल. त्यावर पट्टी किंवा कंगोरा काहीही नव्हते.

जर्मनीतील ऑटोबान या महामार्गांच्या पुष्कळ भागांत वेगाला मर्यादा नाही. तेथे फार वेगात असताना अचानक मार्गिका बदलताना किंवा वळण घेताना या गाड्यांचा मागचा भाग घसरून अपघात झाले. काहींना प्राण गमवावे लागले. कारण आता तुम्ही ओळखले असेल. मागच्या गोल उतारावर चमच्याच्या पाठीसारखी हवा चिकटून वाहत होती, मागची चाके हलकी होत होती आणि वळताना त्यांची पकड सुटत होती.

१९९९ च्या अखेरीपासून कंपनीने उपाय सुरू केले. मागच्या झाकणाच्या कडेला एक छोटा स्पॉयलर बसवला, चाकांच्या स्प्रिंग-दांड्यांच्या जुळणीत बदल केले आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली. विकलेल्या गाड्याही परत बोलावून दुरुस्त केल्या. या हकिकतीतल्या दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, बोटभर पट्टीला जिवाचे मोल असू शकते. दुसरी, पट्टी एकटी पुरेशी ठरली नाही. तीन उपाय एकत्र करावे लागले.

मेणबत्ती, बाटली आणि पुठ्ठा

आता पेट्रोलकडे वळू. यासाठी आणखी एक प्रयोग आहे. तो घरातल्या मोठ्या माणसाला जवळ बसवूनच करा. टेबलावर पेटती मेणबत्ती ठेवा. तिच्यापुढे काचेची गोल बाटली ठेवून बाटलीच्या अलीकडून जोराने फुंकर मारा. बाटली आड असूनही ज्योत विझते, कारण हवा गोल बाजूला धरून वळते आणि मागे पुन्हा एकत्र येते. आता बाटली काढून तेवढ्याच रुंदीचा पुठ्ठा उभा धरा आणि फुंका. ज्योत विझत तर नाहीच, उलट तुमच्याकडे झुकते! पुठ्ठ्याच्या कडांवरून सुटलेली हवा मागे भोवरे करते आणि त्या भोवऱ्यांतली काही हवा पुठ्ठ्याकडे परत येते.

धावत्या गाडीच्या मागेही असेच भोवरे असतात. तेथे दाब कमी असतो, पुढे मात्र हवा दाबलेली असते. हा दाबातला फरक गाडीला मागे खेचत राहतो. हवेच्या रोधाचा मोठा भाग असा शेपटाकडे जन्मतो. माशासारखे लांब निमुळते शेपूट दिले तर भोवरे फारसे होणार नाहीत, पण मग ती गाडी उभी कुठे करणार?

यावर १९३० च्या दशकात वुनिबाल्ड काम या जर्मन शास्त्रज्ञाने व त्याच्या समकालीनांनी तोड काढली. टप हलकेच उतरता ठेवायचा आणि शेपूट मध्येच सरळ कापून टाकायचे. धार तीक्ष्ण असली की हवा तेथून नेमकी सुटते, काचेवरून खाली घरंगळत जाऊन मोठे भोवरे करत नाही. टोयोटाच्या २००३ सालच्या प्रियस मोटारीचे मागून कापल्यासारखे उंच टोक याच विचाराने घडले होते. तिचा रोध-गुणांक ०.२६ इतका कमी होता.

आपल्याकडच्या मागे दार असलेल्या आखूड गाड्यांच्या टपावरची वळचण हेच काम करते. ती टपाला थोडी लांबवते आणि हवेला सुटायला धारदार कड देते. पण किती फायदा? रोध-गुणांक ०.३३ धरला, तर ताशी १०० किलोमीटरला हवेचा रोध होतो सुमारे ३०६ न्यूटन, आणि टायरांचा लोळण-रोध असतो साधारण १२० न्यूटन. वळचणीने हवेचा रोध शेकडा ३ ने कमी केला असे समजा. म्हणजे ९ न्यूटन वाचले, ४२६ पैकी. शेकडा दोन. ताशी ५० ला हवेचा रोध ७६ न्यूटनच असतो आणि वाचतात जेमतेम दोन-सव्वादोन न्यूटन. शिवाय गावात दर सिग्नलला ब्रेक मारून जी ऊर्जा वाया जाते, तिच्यापुढे हा लाभ कोठल्या कोठे हरवून जातो. टायरमध्ये हवा योग्य ठेवली तर याहून अधिक पेट्रोल वाचेल, आणि तेही फुकट.

पावसाळ्यात तुम्ही आणखी एक गोष्ट पाहिली असेल. आखूड गाड्यांची मागची काच पुढच्या काचेपेक्षाही चिखलाने माखते. चाकांनी उडवलेले तुषार त्या परतणाऱ्या भोवऱ्यांत सापडून काचेवर येऊन बसतात. म्हणून पूर्वी काही लांबट स्टेशन वॅगन गाड्यांच्या टपाच्या टोकाला एक फळी लावत. ती वरची हवा मुद्दाम खाली, काचेवरून वळवी. काच स्वच्छ राही, पण हवेचा रोध वाढे. एकाच जागी बसवलेल्या दोन फळ्या, पण कोन बदलला की काम बदलले!

डिकीवरचा उंच पंख

राहिला तो खांबांवरचा पंख. खरे म्हणजे याला स्पॉयलर म्हणणे चूकच आहे. हा विमानाचा उलटा धरलेला पंख होय. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली दाबतो. अमेरिकेतील जिम हॉल याने १९६६ साली चॅपराल २ई या शर्यतीच्या गाडीवर असा पंख उंच खांबांवर बसवला. खांब उंच ठेवण्याचे कारण असे, की टपामागची हवा भोवऱ्यांनी विस्कटलेली असते. पंखाला काम करायचे तर त्याला वरची स्वच्छ, वेगवान हवा मिळाली पाहिजे.

शर्यतीत या पंखाचे मोल मोठे आहे. गाडीत पोती भरली तरी चाकांवर भार येईल, पण मग वळताना तेवढे जास्तीचे वस्तुमान वळवावे लागेल. हवेचा दाब वस्तुमान न वाढवता पकड वाढवतो. अर्थात तेथेही चूक महागात पडते. १९६९ च्या स्पेनमधील शर्यतीत लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख धावताना मोडले व दोन्ही गाड्या आदळल्या. त्यानंतर लगेच असल्या उंच पंखांवर बंदी आली.

हाच पंख बाजारातून आणून साध्या गाडीच्या डिकीवर बसवला तर? एक तर तो बहुधा टपामागच्या विस्कटलेल्या हवेत येतो, त्यामुळे दाब नावालाच, रोध मात्र पदरात. दुसरे असे, की तो समजा चांगला चालला, तर तरफेचा नियम आड येतो. पंख मागच्या चाकांच्या अर्धा मीटर मागे आहे आणि पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर अडीच मीटर आहे. पंखावर १०० न्यूटन दाब पडला, तर मागच्या चाकांवर भार वाढेल १२० न्यूटन आणि पुढच्या चाकांवरचा २० न्यूटनांनी कमी होईल. सी-सॉच्या एका टोकावर बसले की दुसरे वर जाते, तसेच. आणि आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना मिळते व वळतातही तीच. ज्या चाकांना पकड हवी, त्यांचीच पकड आपण पैसे देऊन कमी केली!

याखेरीज मागचे दिसणे अडते, डिकीला भोके पाडली की गंज शिरतो, आणि नुसता गोंदाने चिकटवलेला पंख महामार्गावर उडाला, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव धोक्यात येतो.

तर मग निकाल काय?

कारखान्यातूनच आलेली टपाची वळचण किंवा डिकीची पट्टी अनेकदा वायुबोगद्यात तपासून त्या आकारासाठी बेतलेली असते. तिचा फायदा छोटा, पण खरा, आणि तो महामार्गावरचा. काही गाड्यांत मात्र तीही केवळ दिसण्यासाठी असते. नंतर आणून बसवलेला पंख रोजच्या गाडीवर शोभेपलीकडे फारसे काही देत नाही. शोभा वाईट असे कोणी म्हणत नाही, पण शोभेला सुरक्षितता समजणे वाईट. पंख लावला म्हणून ‘आता गाडी रस्ता सोडणार नाही’ या भरवशावर कोणी वेग वाढवला, तर वेगाचा वर्ग त्याची गय करणार नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे ब्रेकचे अंतरही चौपट होते. गाडीला रस्त्याशी जोडणाऱ्या जागा चारच असतात, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या. त्या म्हणजे टायर. त्यांची नक्षी झिजली असेल, तर कोणतीही शेपटी उपयोगाची नाही.

तेव्हा उद्या त्या दहा-बारा गाड्या पाहाल, तेव्हा वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात शेपटीचा प्रकार, दुसऱ्यात मागचा आकार उतरता की कापलेला, आणि तिसऱ्यात टायरची नक्षी कशी आहे ते लिहा. मग वर दिलेल्या सूत्राने ताशी ८० किलोमीटरला उचल किती येईल ते काढा. उत्तर साठ न्यूटनांच्या आसपास आले, तर तुमचे गणित बरोबर आहे. आणि घरच्या गाडीच्या टायरची नक्षी गुळगुळीत झालेली आढळली, तर तो तिसरा रकाना आजच बाबांना किंवा आईला दाखवा.